फोटो दुसऱ्याच चॅसीचे, इंजिन दुसऱ्याच मापाचं

जुनी हेवी-ड्यूटी पिकअप ट्रॅकवर पळवण्यासाठी तयार करून घ्यायचा विचार असेल, तर गॅरेजला पहिला हप्ता देण्याआधी हे वाचा. ठरलेल्या रकमेतले पाऊण हिस्सा पैसे गेल्यावर मला जे कळलं, ते तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहितोय.

माझी गाडी १९७२ ची शेव्हरोले सी-२०, म्हणजे पाऊण टनी. आठ बोल्टांची चाकं, मागे फुल-फ्लोटिंग एक्सल (गाडीचं वजन चाक फिरवणाऱ्या दांड्यावर येत नाही असा), ओझ्यासाठी बनवलेल्या कडक स्प्रिंगा. रिकामी चालवली की मागचा भाग नुसता उडतो. पण चॅसीची मांडणी फार चांगली. पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, मागे एक्सलला चॅसीशी जोडणारे दोन लांब ट्रेलिंग आर्म आणि कॉइल स्प्रिंगा. याच प्रकारचे आर्म पुढे अमेरिकेतल्या नॅसकारच्या शर्यतीच्या गाड्यांत वर्षानुवर्षं वापरले गेले. त्या आर्मांसाठीच मी ही गाडी घेतली होती.

गॅरेजशी ठरलं ते असं: ५.३ लिटरचं लोखंडी ब्लॉकचं एलएम-७ इंजिन, याच गाडीच्या अर्ध्या टनी भावंडाचा, म्हणजे सी-१० चा, पाच बोल्टांच्या चाकांचा १२-बोल्ट एक्सल (कव्हरला बारा बोल्ट असलेला) लिमिटेड स्लिपसह (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर मिळत राहावा अशी क्लच प्लेटांची यंत्रणा), पुढे गाडी खाली बसवणारे ड्रॉप स्पिंडल, आणि मागे चॅसीला सी-नॉच. गाडी खाली बसवली की एक्सलची नळी चॅसीच्या पट्टीवर आपटते, म्हणून तिथे अर्धगोल कापून आतून जाड प्लेट वेल्ड करतात, तो सी-नॉच. गॅरेजचे मालक म्हणाले, "काळजीच करू नका, गाडी माझीच समजा. प्रत्येक टप्प्याचे फोटो पाठवतो." फोटो आला की हप्ता, असं ठरलं. ती पहिली चूक माझी.

सात महिन्यांनी गाडी हातात आली. पहिल्याच ट्रॅक डेला वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक एकटंच फिरून धूर काढायला लागलं. जरा उंचवटा आला की पुढचं सस्पेन्शन तळाला आदळत होतं.

लेथवर काम करणाऱ्या माझ्या मित्राने मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली आणि एक चाक हाताने फिरवलं. दुसरं उलट दिशेला फिरलं, म्हणजे लिमिटेड स्लिप काम करत नव्हतं. फोनवर गॅरेजचं उत्तर तयारच होतं: "आतल्या क्लच प्लेटा झिजल्या असतील." तसं खरंच होऊ शकतं, म्हणून आम्ही डिफरन्शियलचं कव्हर उघडलं. आत साधे स्पायडर गिअर. ना क्लच प्लेटा, ना मधल्या दाब देणाऱ्या स्प्रिंगा. जे बसवलंच नाही ते झिजणार कुठून?

पुढच्या चाकांचं तर उभ्या उभ्या दिसत होतं. ड्रॉप स्पिंडलमध्ये चाकाचा आस वर जातो, त्यामुळे खालचे कंट्रोल आर्म मूळच्याच कोनात राहतात आणि स्प्रिंगला पूर्ण वाव मिळतो. माझे आर्म बाहेरच्या टोकाला वर उचललेले. जुन्याच स्प्रिंगांचे वेढे ग्राइंडरने कापले होते, टोकांवर डाग स्पष्ट होते. फोटोतले नवे कोरे स्पिंडल खोक्यातून बाहेर निघालेलेच नसावेत.

इंजिनाची गोष्ट सगळ्यात जिव्हारी लागली, कारण ती बाहेरून कळूच शकत नाही. ४.८ आणि ५.३ लिटरच्या या इंजिनांचा ब्लॉक एकच. बोर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, दोन्हीचा ९६ मिमी, ओतकामावर आकडेही दोन्ही लिहिलेले असतात. मी त्यातला ५.३ वाचला आणि समाधानाने घरी आलो. फरक आहे तो स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या वरखाली प्रवासात: ४.८ चा ८३ मिमी, ५.३ चा ९२. मित्राने स्पार्क प्लगच्या छिद्रातून बोरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा, सोडला. एलएम-७ च्या पिस्टनचा माथा खोलगट असतो, माझा सपाट दिसला. तरीही खात्रीसाठी हेड उतरवलं, क्रँक फिरवून पिस्टनचा प्रवास व्हर्नियरने मोजला. ८३. तुमचं इंजिन बसवण्याआधी स्टँडवर असताना हेच मोजून घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

रात्री मी जुने फोटो पुन्हा उघडले. सी-नॉचच्या फोटोत चॅसीच्या पट्टीला पाट्याच्या स्प्रिंगचा हँगर दिसतो. त्या काळच्या बऱ्याच जीएमसी पिकअपना मागे पाटे असायचे. माझ्या गाडीला कॉइल आहेत! तो फोटो मी वीस वेळा तरी पाहिला असेल, आणि त्यावर हप्ता पाठवला. माझ्या स्वतःच्या चॅसीवर नॉच कापला होता, पण आत प्लेट नव्हती, कडेला वेल्डिंगचे चार ठिपके. त्या पट्टीवर एक्सलचा सगळा भार येतो. वेगात ती तडकली असती तर? हा विचार अजूनही झोपू देत नाही.

पैशाचं जाऊ दे, पण फोटोत गाडीचा चॅसी नंबर आणि त्या दिवशीची चिठ्ठी एका चौकटीत मागा. शेवटचा हप्ता चाकं उचलून, कव्हर उघडून पाहिल्याशिवाय देऊ नका. आणि काढलेले जुने भाग परत मिळतील असं करारात लिहून घ्या. माझा मूळचा फुल-फ्लोटिंग एक्सल आणि आठ बोल्टांची चाकं मागितली, तेव्हा "भंगारात गेली" एवढंच उत्तर मिळालं.

नॉचच्या प्लेटा आता मित्राने वेल्ड केल्यात. स्पिंडल मी स्वतः आणलेत, खोकं माझ्यासमोर फुटलं. इंजिन ४.८ च राहणार आहे.