गाळ्याचा पुढचा भाग पोटभाड्याने दिला, त्याला चौदा महिने झाले

नारायण पेठेत माझं डीटीपी, लॅमिनेशन आणि बाइंडिंगचं दुकान आहे. गाळा भाड्याचा, ३८० चौरस फूट, भाडं २८,०००. कॉलेजचे प्रोजेक्ट ऑनलाइन जमा व्हायला लागले तशी पुढची जागा ओस पडली. म्हणून रस्त्याकडचे १२० फूट फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवणाऱ्या एका ताईंना दिले, महिना ११,००० ठरवून.

मालक काका म्हणाले, "द्या की, मला काय!" मी खूश. पण वकील मित्राने झापलं. भाडे नियंत्रण कायद्याच्या (१९९९) कलम २६ प्रमाणे मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही, आणि ठेवला तर कलम १६ खाली गाळा खाली करून मागायला मालकाला आयतं कारण मिळतं. लेखी मागितल्यावर काकांना १,५०० ची भाडेवाढ आठवली. दिली. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूतही महाराष्ट्रात चालत नाही. ताईंचा करार रीतसर नोंदवला, माझा मूळ करार संपायच्या आदल्या दिवशी संपणारा.

खरा फटका जीएसटीचा. माझी नोंदणी आहे, काकांची नाही. त्यामुळे ऑक्टोबर २०२४ पासून त्यांच्या भाड्यावरचा १८ टक्के कर मीच भरतो. त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम माझ्या जीएसटीच्या देण्यातून वजा होते, पण खिशातून रोख आधी जाते. ताईंकडून घेतो त्या भाड्यावरही कर आलाच. त्यांची नोंदणी नाही, म्हणजे त्यांना १२,९८० पडणार आणि क्रेडिट शून्य. 'अकरा म्हणजे अकरा' असं बोलून बसलो होतो, मग त्यातूनच कर काढला. हातात उरले ९,३२२. काकांची वाढ वजा केली की ७,८२२. पार्टिशनचा खर्च वेगळाच.

लाइटबिलाबद्दल मात्र मीच चुकलो. दिवसभर इस्त्री चालते म्हणून निम्मं बिल त्यांच्यावर टाकलं होतं. तीन महिने त्या काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "दादा, सबमीटर बसवू या का?" बसवला, तर त्यांचा वापर चौथा हिस्साही भरेना. वीज खात होतं माझं लॅमिनेशन मशीन. जास्तीचे पैसे परत केले. सबमीटर पहिल्याच दिवशी बसवा.

कटिंग मशीनचा कागदी भुसा एकदा गिऱ्हाइकाच्या पैठणीच्या ब्लाऊजपिसावर बसला, तेव्हा पार्टिशन छतापर्यंत नेलं. दिवाळीआधी ब्लाऊज घ्यायला येणाऱ्यांची गर्दी माझ्या काउंटरपुढेच उभी असते. माझं गिऱ्हाईक बाहेरूनच परत गेल्याचं दोनदा पाहिलं. उलट, लग्नसराईत त्यांच्याकडे आलेल्या बायका पत्रिकांची चौकशी करून जातात, चार-पाच ऑर्डरी तशाच आल्या.

पुढच्या वेळी भाडं 'अधिक जीएसटी' असंच लिहीन, आणि आकडा आधी ताईंना सांगेन. जागा मात्र त्यांनाच देणार.