केर्ली की लायल्स: स्टार्टला नक्की काय महत्त्वाचं?

पॅरिस २०२४ ऑलिंपिकची १०० मीटर फायनल परत परत बघा, त्यात सगळं आहे. फ्रेड केर्लीचा रिअॅक्शन टाइम, म्हणजे बंदूक वाजल्यापासून हलेपर्यंतचा वेळ, ०.१०८ सेकंद, म्हणजे ०.१०० च्या फॉल्स स्टार्टच्या मर्यादेला (त्याआधी हललं की बाद) जवळजवळ चिकटून, आणि नोआ लायल्सचा ०.१७८. ब्लॉकमधून (स्टार्टला पाय टेकवून जोर लावायचं साधन) निघतानाच लायल्स ०.०७ ने मागे, ३० मीटरला तर सगळ्यात शेवटी, तरी गोल्ड त्यानेच नेलं, ९.७८४ मध्ये. केर्ली ९.८१, ब्राँझ.

आता रिअॅक्शन वजा करून बघा, नुसतं धावणं केर्लीचं ९.७० आणि लायल्सचं ९.६१ च्या आसपास येतं. माझ्या मते म्हणूनच पोरांना आधी ब्लॉकवर जोर लावायला आणि पहिली पावलं नीट टाकायला शिकवा, टाळी वाजली की पळ हे नंतर. घाईत पोरगं दुसऱ्याच पावलाला ताठ उभं राहतं, छाती वर, मान वर, आणि कमावलेलं सगळं तिथेच जातं.

पण म्हणून रिअॅक्शन सोडून द्यायचं असंही नाही हं, लायल्स आणि त्याच फायनलमध्ये सिल्व्हर घेणाऱ्या किशेन थॉम्पसनमध्ये फरक फक्त ०.००५ चा होता, तिथे कान तयार असलेलाच बरा. फक्त अंदाजाने उडी मारू नका, २०२२ ला युजीनमध्ये (अमेरिका) वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या ११० मीटर हर्डल्स फायनलला डेव्हॉन अॅलन ०.०९९ वर बाद झाला, एका हजारांश सेकंदाने, अजून वाईट वाटतं.