पन्नास की पंच्याऐंशी, फ्लॅश की एलईडी? बेळगाव भागात पोर्ट्रेट काढणाऱ्यांसाठी

कीट लेन्ससकट कॅमेरा हातात आला, गल्लीतली दोन-चार बारशी आणि साखरपुडे काढून झाले, आणि आता माणसांचे फोटो नीट काढायचे असं मनाने घेतलं, की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. पैसे एकाच वस्तूपुरते आहेत, तर लेन्स घ्यायची की लाइट? लेन्स घ्यायची तर ५० ची की ८५ ची? (हे आकडे फोकल लेंथचे, मिलिमीटरमध्ये; आकडा मोठा तितकं दृश्य जवळ ओढलं जातं.) यावर सल्ले रग्गड मिळतात, पण देणाऱ्याच्या स्टुडिओत मागची भिंत तीस फुटांवर असते. शहापूर-वडगावच्या विणकराच्या घरात, निपाणीच्या वाड्यात किंवा जांबोटीच्या पावसात हिशेब वेगळा लागतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: उजेड आधी, लेन्स नंतर. याला एक अपवाद आहे, तो ओघात येईल.

५०, ८५ आणि मधली भिंत

‘पोर्ट्रेट म्हणजे ८५’ हे खरं आहे, पण फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यापुरतं. आपल्याकडे सुरुवात करणाऱ्या बहुतेकांच्या हातात क्रॉप सेन्सरचा, म्हणजे त्याहून लहान सेन्सरचा कॅमेरा असतो. त्यावर ८५ ची लेन्स निकॉन-सोनीत साधारण १२८ सारखी आणि कॅननमध्ये १३६ सारखी वागते. उलट ५० ची लेन्स ७५-८० च्या घरात जाते, म्हणजे फुल फ्रेमवाला ज्यासाठी ८५ घेतो, जवळपास तेच काम क्रॉपवर ५० करते.

आता टेप घेऊन खोली मोजा. क्रॉप कॅमेरा उभा धरून माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा, वर-खाली थोडी जागा सोडायची, तर ५० ला सुमारे १४ फूट लागतात आणि ८५ ला २४. कमरेपर्यंत घ्यायचा तर ५० ला ७ फूट, ८५ ला १२. यात तुमची स्वतःची उभं राहायची जागा धरलेली नाही, आणि माणूस भिंतीपासून चार फूट पुढे काढायचा असतो तेही धरलेलं नाही. जुन्या घरातल्या दहा बाय बाराच्या सोप्यात ८५ लावून कमरेपर्यंतचा फोटो काढायचा, तर फोटोग्राफर रस्त्यावर जातो. फुल फ्रेमवर ८५ ला कमरेपर्यंत ८ फूट पुरतात, तिथे तिचा विचार जरूर करावा.

लेन्समुळे नाक मोठं दिसतं असं सगळे म्हणतात. खरं कारण अंतर आहे. दोन-अडीच फुटांवरून चेहरा काढला की नाक पुढे येतं आणि कान मागे जातात, मग लेन्स कुठलीही असो. पाच फुटांच्या पुढे गेलात की चेहरा सरळ होतो. ८५ चा खरा फायदा हा, की ती तुम्हाला लांब उभं राहायला भाग पाडते.

आणि तोच तिचा तोटाही. इकडे समोर बसलेल्या माणसाशी बोलत बोलत फोटो काढावा लागतो. एकाला ‘काका, जरा हसा की’ म्हणायचं, शेजारच्याला कन्नडमध्ये ‘स्वल्प नगरी’ (थोडं हसा) म्हणायचं. माग चालू असलेल्या खोलीत बारा फुटांवरून यातलं काही पोहोचत नाही. सात फुटांवरून पोहोचतं. घरच्या वडीलधाऱ्यांचा ‘एक चांगला फोटो काढून ठेवा’ म्हणून बोलावणं येतं तेव्हा तर फारच. तो फोटो उद्या कुठे लागणार हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं आणि आजोबांनाही. तिथे गप्पांच्या अंतरावर असलेला बरा.

वजन-किमतीचंही बोलू. (नावातला एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते.) कॅननची ५० एफ १.८ एसटीएम १६० ग्रॅमची आहे, ८५ एफ १.८ यूएसएम ४२५ ग्रॅमची. निकॉनच्या जी मालिकेत हेच आकडे १८५ आणि ३५० ग्रॅम. ८५ ची किंमतही ५० च्या बरीच वर जाते. मागची गर्दी विरघळवण्यात ८५ नक्कीच सरस आहे. शिवजयंतीच्या चित्ररथाच्या मिरवणुकीत गर्दीतून एखादाच चेहरा उचलायचा असेल, किंवा येळ्ळूरच्या कुस्ती मैदानात कडेला उभं राहून पैलवान टिपायचा असेल, तर ५० तोकडी पडते. पण फुल फ्रेमवर ८५ एफ १.८ ला पूर्ण उघडून दीड मीटरवरून काढाल, तर तीन-साडेतीन सेंटिमीटरचा पट्टाच धारदार येतो. डोळा साधला तर कान गेला. डोळ्यावर आपोआप फोकस धरणारा मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा नसेल तर एफ २.८ वर काम करा.

३५ ची, म्हणजे जास्त परिसर घेणाऱ्या लेन्सची आठवण करून देणारं गिऱ्हाईकही भेटतं: ‘तुळशी वृंदावन पण येऊ दे की वो फोटोत.’ त्यासाठी नवी लेन्स घेऊ नका. कीट लेन्स ३५ वर फिरवा, झालं.

कीट लेन्सला इतक्यात निवृत्त करू नका

१८-५५ ची कीट लेन्स ५५ वर एफ ५.६ इतकीच उघडते. एफ १.८ च्या मानाने सेन्सरवर उजेड नऊ-दहा पट कमी. घरातल्या एका ट्यूबलाइटवर तिचा फोटो निस्तेज येतो तो यामुळे. पण बाजूने फ्लॅश आला की तुम्ही तसंही एफ ५.६ किंवा ८ वर काढता, आणि तिथे कीट लेन्सचा चेहरा व ५० चा चेहरा शेजारी ठेवले तर गिऱ्हाइकाला फरक ओळखू येत नाही. उजेड आधी म्हणतो तो याच हिशेबावर.

अपवाद आता सांगतो. ज्यांना मागाच्या खोलीतला विणकर, तालमीच्या हौद्यात एकाच उंच खिडकीखाली माती उकरणारा पोरगा, किंवा विड्या वळणाऱ्या बायका जागच्या जागी, त्यांच्याच उजेडात काढायच्या आहेत, त्यांनी आधी ५० एफ १.८ घ्यावी. तिथे फ्लॅश लावला की खोलीच मरते. ट्यूबखाली काढताना शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होते, आणि वेगवान शटरला फोटोत काळपट पट्टे येतात.

फ्लॅश की एलईडी

एलईडी दुकानात फार आवडतो, कारण सावली कुठे पडते ते डोळ्यांना आधीच दिसतं. शिकायला याहून सोपं साधन नाही. पण ताकद बघा. ६० वॉटचा एलईडी १/१०० सेकंदात ०.६ ज्यूल ऊर्जा वापरतो. २०० वॉट-सेकंदाचा फ्लॅश पूर्ण ताकदीने एकदा उडाला की २०० ज्यूल. एलईडी विजेचा उजेड जास्त चांगला करतो हे मान्य केलं तरी दरी बुजत नाही. म्हणून एलईडीवर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढवावा लागतो, दिवा तोंडाजवळ आणावा लागतो, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली आजी डोळे किलकिले करते. लहान मूल हललं की फोटोही हलतो. फ्लॅश त्याला जागच्या जागी गोठवतो.

त्यातून खानापूर तालुक्यात जून-जुलैला लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. भिंतीच्या प्लगवर चालणारा एलईडी तेव्हा नुसता स्टँड अडवून बसतो. बॅटरीवर चालणारा घ्यायचा तर खर्च वाढतो. लग्नाचा व्हिडिओही तुम्हीच करत असाल तर मात्र एलईडीला पर्याय नाही. घेताना सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९५ च्या वरचा बघा, नाहीतर शालूचा रंग एक आणि फोटोतला दुसरा असं होतं.

फ्लॅशमध्ये दोन पायऱ्या आहेत. पहिली चार पेन्सिल सेलवर चालणारा साधा मॅन्युअल फ्लॅश, उदाहरणार्थ गोडॉक्सचा टीटी६००. रेडिओ आतच असतो, कॅमेऱ्यावर ट्रिगर (फ्लॅशला रेडिओने इशारा देणारा) लावला की झालं. बसलेल्या माणसाचं अंतर बदलत नाही, त्यामुळे टीटीएलवाचून, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः फ्लॅशची ताकद ठरवण्यावाचून काहीच अडत नाही. मांडवात मागे-पुढे पळायचं असेल तर टीटीएल हवा. सेल रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडचेच घ्या आणि चारांचा एक संच जास्तीचा ठेवा. दुसरी पायरी गोडॉक्सच्याच एडी२०० सारखा लिथियम बॅटरीचा २०० वॉट-सेकंदाचा फ्लॅश. कंपनी एका चार्जवर पूर्ण ताकदीच्या ५०० चमकांचा आकडा देते, आणि पोर्ट्रेटला पूर्ण ताकद क्वचितच लागते.

घरातल्या कामाला पहिली पायरी पुरते. दुसरी लागते उन्हात. राजहंसगडावर प्री-वेडिंगला जोडपं उभं केलं, ऊन डोक्यावर आहे, आयएसओ १०० आणि शटर १/२०० धरलं, तर एफ ११ च्या आसपास जावं लागतं. मागचं आभाळ धूसर हवं म्हणून एफ २ करायचं तर पाच स्टॉप उजेड कापायला हवा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). त्याला पाच स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड अडवणारी काळसर काच) लावा किंवा हाय स्पीड सिंक (फ्लॅशबरोबर वेगवान शटर चालवायची सोय) वापरा. दोन्हींत छोट्या फ्लॅशचा दम निघतो.

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश छताकडे वळवून उजेड खाली पाडायची युक्ती सगळीकडे शिकवतात. आमच्या कौलारू घरांत वर काळे वासे असतात, तिथून काही परत येत नाही. आणि भिंत पोपटी असेल तर चेहराही पोपटी.

छत्री, सॉफ्टबॉक्स, रिफ्लेक्टर

छत्री स्वस्त, दोन सेकंदांत उघडते, पिशवीत मावते. पण तिचा उजेड खोलीभर सांडतो आणि त्या पोपटी भिंतीवरून परत येतो. सॉफ्टबॉक्स, त्यातही ८०-९० सेंटिमीटरचा अष्टकोनी, उजेड आवरून ठेवतो. रंगीत भिंतींच्या घरांत काम करणाऱ्याने सॉफ्टबॉक्सच घ्यावा, माझा यात दुसरा विचार नाही. तेल लावलेल्या पैलवानाच्या खांद्यावर उघडा फ्लॅश पांढरा डाग पाडतो, सॉफ्टबॉक्स त्याच खांद्याला गोलाई देतो. तीन फुटांवरचा सॉफ्टबॉक्स सहा फुटांवर नेला की उजेड चौथाई होतो, म्हणून जागा बदलली की आकडेही बदला. गडावर वाऱ्याला दोन्ही उडतात. स्टँडला पाण्याचा कॅन बांधा, नाहीतर कुणाला तरी धरायला उभं करा.

रिफ्लेक्टरचं थोडक्यात: ११० सेंटिमीटरचा पाच-रंगी मिळतो, त्यातली पांढरी बाजू रोज लागते. सोनेरी बाजू संध्याकाळच्या उन्हात लावली तर नवरीला कावीळ झाल्यासारखी दिसते. फ्रिजच्या खोक्यातला थर्मोकोलही पांढऱ्याचंच काम करतो.

कोणी काय घ्यावं

घरोघरी जाऊन पोर्ट्रेट काढणार असाल आणि हातात कीट लेन्स असेल, तर साधा मॅन्युअल फ्लॅश, ट्रिगर, सॉफ्टबॉक्स आणि स्टँड. पुढच्या कमाईत ५०. प्री-वेडिंग हेच मुख्य काम असेल तर एडी२०० च्या वर्गातला फ्लॅश, आणि ८५ एक दिवस भाड्याने घेऊन बघा. बेळगावात लग्नाचे फोटोग्राफर एकमेकांना सामान देतात-घेतात, ओळख काढली की मिळतं. फुल फ्रेम घेतलाच असेल तर ८५ बिनधास्त घ्या. कॅमेरा पुढे बदलायचा बेत असेल तर एक लक्षात ठेवा: गोडॉक्सच्या रेडिओ फ्लॅशला नव्या कॅमेऱ्याला बसणारा गोडॉक्सचा ट्रिगर घेतला की भागतं. लेन्सचं तसं नाही.

आणि काहीही घ्या, त्याबरोबर हवाबंद डबा घ्याच. ड्राय कॅबिनेट उत्तम, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवतं, पण लेन्स दोन-तीनच असतील तर रबराची कड असलेला डबा आणि सिलिका जेल पुरतं. निळे दाणे गुलाबी झाले की गरम करून पुन्हा निळे करायचे. कणकुंबी-जांबोटीकडच्या दमटपणात चामड्याच्या बॅगेत ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो. जुनी ८५ कोल्हापूर किंवा हुबळीहून घ्यायला जाल तेव्हा म्हणूनच मोबाइलची टॉर्च मागून लेन्समधून मारा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून. धुळीचे चार कण चालतील. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर किंमत निम्मी केली तरी घेऊ नका, कारण ती बुरशी तुमच्या डब्यातल्या दुसऱ्या लेन्सवरही जाऊ शकते.