रोटाकॅप की स्पेसरवाला पंप?

श्वासावाटे औषध ओढायची ही दोन साधनं. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात दोन्ही आहेत. मला दमा, आईला सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार). औषध रोजचं, त्रास असो वा नसो.

रोटाकॅपमध्ये कोरडी पूड. कॅप्सूल यंत्रात घालून फिरवायची आणि एका दमात जोरात, खोल ओढायची. मग उघडून बघायचं. पूड उरली असेल तर पुन्हा ओढायची. (आमच्या मावशी आठवडाभर ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होत्या!) यंत्र स्वस्त, खिशात मावतं. फक्त पुण्याच्या पावसाळ्यात जपावं लागतं, दमट हवेत पुडीच्या गुठळ्या होतात. कॅप्सूल ऐनवेळीच बाटलीतून काढते, ओला हात लावत नाही.

पण आईला ती जोरकस ओढच जमत नाही. तिथे स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, कामाला येतो. पंप हलवायचा, एकदा दाबायचा, सावकाश श्वास घ्यायचा, दहा आकडे रोखायचा. नुसत्या पंपाने बरंचसं औषध घशावरच आपटतं. स्पेसर मात्र दुधी भोपळ्याएवढा, पर्समध्ये मावत नाही. साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळू द्यायचा. मी एकदा फडक्याने पुसला. घासल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध आतल्या भिंतींनाच चिकटतं, हे नंतर कळलं.

माझं मत? साठीपुढच्यांना आणि लहान मुलांना स्पेसरच. मी रोटाकॅपवर खूश आहे. बदल मात्र डॉक्टरांसमोर ओढून दाखवूनच करा.

दोन्हींपैकी कशातही स्टेरॉइड असेल तर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो. आई चहाआधीच पंप घेते, म्हणजे चूळ विसरत नाही.