नेसस की ओपनव्हास? सर्व्हरला माऊस नसेल तर

निपाणीच्या मित्राचा परवा फोन आला. पतसंस्थेच्या नेटवर्कमधल्या सुरक्षेच्या त्रुटींची तपासणी लावायची आहे, सर्व्हरला ना माऊस ना डेस्कटॉप. "नेसस घालू की ओपनव्हास?"

दोन्ही अशा त्रुटी शोधणारे स्कॅनर, दोघं एकाच घरातले. नेसस 1998 मध्ये आलं, 2005 मध्ये त्याचा सोर्स बंद झाला, आणि जुन्या मोकळ्या कोडवरून ओपनव्हास वेगळं निघालं.

सर्व्हिस म्हणून नेसस गुणी. एक पॅकेज, मग 'सिस्टिमसीटीएल स्टार्ट नेससडी', की 8834 पोर्टवर हजर. एनेबल करून ठेवलं तर करंट जाऊन आला तरी आपसूक उठतं. पण 'नेससीएलआय' म्हणजे घरकामाची कमांड: नोंदणी, प्लगिन अपडेट, विसरलेला पासवर्ड. स्कॅन तिच्यातून सुटत नाही, त्याला दुसऱ्या मशीनवरचा ब्राउझर लागतो. शिवाय फुकटच्या आवृत्तीत आयपी मोजून मिळतात.

ओपनव्हास अख्खं बिऱ्हाड घेऊन येतं: पोस्टग्रेस आणि रेडिस हे डेटाबेस, जीव्हीएमडी आणि ओएसपीडी या मागे चालणाऱ्या सर्व्हिसेस. एक रुसलं की सगळं ठप्प. रॅम किमान 4 जीबी, 8 असली तर बरी. काली लिनक्सवर 'जीव्हीएम-सेटअप' सुरू केलं तेव्हा फीड, म्हणजे त्रुटींची माहिती, उतरेपर्यंत मी जेवून एक झोप काढली. उठलो तर ॲडमिनचा पासवर्ड ओळींच्या गर्दीत वर सरकून गेलेला. पण एकदा बस्तान बसलं की 'जीव्हीएम-सीएलआय'ने टार्गेट, टास्क, रिपोर्ट सगळं टर्मिनलवरून होतं, क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालायलाही, घालता येतं. फक्त ती कमांड रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून चालवू नका, ती सरळ नकार देते.

पोर्ट तपासणाऱ्या एनमॅपच्या 'व्हल्न' स्क्रिप्ट्स झटपट नजर टाकायला ठीक. मागे सर्व्हिस नाही, पण खोलीही नाही.

कुठलंही घ्या, प्रिंटर वगळा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मीच स्कॅनरमधली 'प्रिंटर वगळा'ची खूण काढून बसलो होतो. 9100 पोर्टवर जे येईल ते प्रिंटर छापतो. अकाउंट्सच्या बाईंनी अगम्य अक्षरांचा गठ्ठा टेबलावर आणून ठेवला, "हे काय हो?"

मित्राला ओपनव्हास सांगितलं. त्याच्याकडे ब्राउझर उघडून बसायला माणूस नाही, महिन्यातून एक रात्र मशीन मोकळं असतं. दोन-तीनच मशीन असती तर नेसस म्हटलं असतं.

"आणि संचालकांच्या सहीचं परवानगीचं पत्र आधी घे."

"कन्नडमधलं चालेल?"

"चालेल की! आयपींची यादी तेवढी जोड."