इन्फिनिटी: दहा सैनिक, दहा ऑर्डर आणि एकच गल्ला

कोर्व्हस बेली या स्पेनमधल्या कंपनीचा 'इन्फिनिटी' हा मिनिएचर खेळ (म्हणजे टेबलावर छोट्या पुतळ्यांच्या फौजा लढवायचा) आम्ही काही मित्र गेले सात-आठ महिने नेमाने खेळतोय. खेळ 2005 पासूनचा आहे, आमच्याकडे चालते ती 2020 ची चौथी आवृत्ती. पुतळ्यांचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं, त्यामुळे त्यात शिरत नाही. मला लिहायचंय ते ऑर्डरबद्दल. हा खेळ तुम्हाला आवडेल की डोक्यात जाईल, ते तिथेच ठरतं.

बहुतेक मिनिएचर खेळांत आपली पाळी आली की प्रत्येक तुकडी एकदा हलते, एकदा गोळी झाडते, झालं. इथे टेबलावर शुद्धीत असलेला प्रत्येक सैनिक टर्नच्या सुरुवातीला एक ऑर्डर जमा करतो आणि ती कुणीही वापरू शकतो. दहाच्या दहा ऑर्डर एकट्यावर उधळल्या तरी नियमाची हरकत नाही. एकत्र कुटुंबातल्या गल्ल्यासारखं आहे हे: टाकतात सगळे, काढतो एखादाच, आणि बाकीचे तोंडाकडे बघत बसतात. आम्ही ऑर्डर मोजायला वाटीत एक रुपयाची नाणी ठेवतो, ऑर्डर खर्च झाली की नाणं बाहेर. सुरुवातीला तोंडी मोजायचो, तेव्हा निम्मा वेळ 'ही सातवी की आठवी' यातच जायचा.

एका नाण्यात मिळतं काय? साधारण चार इंच चालणं आणि गोळीबार, किंवा चार अधिक चार इंच नुसतं चालणं. आणि यातली खरी गंमत अशी की, तुम्ही खर्च केलेल्या प्रत्येक ऑर्डरवर तुमचा माणूस ज्यांना दिसतो त्या शत्रूच्या प्रत्येक सैनिकाला फुकटात प्रतिक्रिया देता येते. दोघेही वीस बाजूंचे फासे टाकतात. आपल्या सैनिकाच्या ठरलेल्या आकड्याच्या आत राहून जो मोठा आकडा काढेल तो जिंकतो. हल्ला करणाऱ्याकडे स्पिटफायर ही भडिमार करणारी बंदूक असेल तर चार फासे, समोरच्याकडे बहुधा एकच. कागदावर सोपं वाटतं, पण त्या एका फाशाने तुमचा सगळ्यांत महाग मोहरा पहिल्याच ऑर्डरला आडवा झाला की उरलेल्या नऊ ऑर्डरचं करायचं काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून ऑर्डर फेकताना हात अडखळतो. समोरच्याची टर्न चालू असतानाही कुणी मोबाईल काढत नाही, हा या पद्धतीचा मला आवडलेला सगळ्यांत मोठा गुण.

माझी फौज अलेफ. या गटाची नावं थेट आपल्याकडची: असुर, देव, नाग, डाकिनी, गरुड. असुर आणि देव एकाच छावणीत खांद्याला खांदा लावून लढतात, हे पाहून आजी काय म्हणाली असती कोण जाणे. असो. असुर भरमसाट महाग. त्याला दाणापाणी पुरवायला मागे स्वस्तातले उभे करावे लागतात, आणि त्यासाठी नेटरॉड नावाचा प्रकार आहे. जेमतेम गुणांचा (गुण म्हणजे फौजेत घेताना मोजायची किंमत) खांब, जागचा हलत नाही, हातात बंदूक नाही, नुसती ऑर्डर देतो. खेळाडू अशांना चीअरलीडर म्हणतात. प्रतिस्पर्धी हुशार असेल तर असुराच्या नादी न लागता आधी हे खांबच पाडतो.

फौजेची यादी करताना खरं डोकं लागतं ते ग्रुप पाडताना. फौज जास्तीत जास्त पंधरा जणांची, एका ग्रुपमध्ये दहाच, आणि एका ग्रुपची ऑर्डर दुसऱ्याला चालत नाही. परवाच्या डावात शेवटच्या टर्नला मित्राचा यू जिंग या दुसऱ्या गटाचा एक दणकट सैनिक कन्सोलपासून, म्हणजे मिशनसाठी ज्याचं बटण दाबायचं त्या यंत्रापासून, एका गल्लीवर होता. गल्लीच्या तोंडाशी माझी डाकिनी सप्रेसिव्ह फायरमध्ये. म्हणजे आधीच्या टर्नला एक अख्खी ऑर्डर तिच्यावर गुंतवलेली, त्या बदल्यात त्याच्या टर्नमध्ये तिला एकाऐवजी तीन फासे, आणि तिच्यावर गोळी झाडणाऱ्याच्या आकड्यातून तीन वजा. त्याच्या पहिल्या ग्रुपच्या वाटीत दोन नाणी, दुसऱ्या ग्रुपच्या वाटीत तीन. ती तीन त्याच्या काहीच उपयोगाची नव्हती. माणूस एका ग्रुपमधून दुसऱ्यात हलवायला कमांड टोकन (खास कामांसाठी मिळणारी मोजकी चकती) लागतं आणि ते टर्नच्या सुरुवातीलाच टाकायचं असतं. दोन नाण्यांत गल्ली ओलांडायची आणि बटणही दाबायचं. तो बराच वेळ वाट्यांकडे बघत बसला, मग निघाला, आणि पहिल्याच नाण्याला पडला.

कमांड टोकन अख्ख्या डावात चार. त्यातलं एक, नंतर खेळणारा असाल तर, समोरच्याच्या पहिल्या टर्नमधल्या दोन ऑर्डर कापायला हमखास जातं, कारण पहिला हल्ला बसला की तुमचा गल्ला टर्न यायच्या आधीच रिकामा व्हायला लागतो. डॉक्टरचंही गणित असंच. डाव सहसा तीन टर्नचा. पहिल्या टर्नला दोन ऑर्डर घालून बेशुद्ध सैनिक उठवला, तर पुढच्या दोन टर्नमध्ये तो दोन परत देतो, हिशोब जुळतो. तिसऱ्या टर्नला उठवलात तर निव्वळ दया. लेफ्टनंट, म्हणजे फौजेचा म्होरक्या, मेला तर मात्र सगळाच बोऱ्या: पुढच्या टर्नला प्रत्येकाची ऑर्डर फक्त त्याच्यापुरती. म्हणून लेफ्टनंट कोण हे कुणी सांगत नाही, आणि समोरचा कुणाला जास्त जपतोय यावर आमचं बारीक लक्ष असतं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. एकट्या रॅम्बोला पळवत डाव मारणं फार वेळा जमतं, आणि मग रात्र रात्र जागून रंगवलेले बाकीचे नऊ जण कोपऱ्यात हजेरी लावून परत डब्यात. मिशनमध्ये गुण मिळवण्याची ठिकाणं पसरलेली असतील तर हे बरंच आटोक्यात येतं, नुसती मारामारी खेळू नका. हॅकिंगचे नियम किचकट आहेत, आमच्यातले दोघे अजूनही हॅकर घेतच नाहीत. आणि टेबल उघडंबोडकं ठेवलंत तर ऑर्डरचा सगळा हिशोब कोसळतो: पहिला स्नायपर सगळ्यांना टिपतो. चार बाय चार फुटांवर इमारती, भिंती, खोकी यांची दाटी हवी. आमच्याकडे औषधांची खोकी आणि पुठ्ठाच आहे.

खर्चाचं म्हणाल तर दहा-पंधरा पुतळ्यांत फौज पूर्ण होते, ही आपल्याकडे मोठीच गोष्ट. नियमांची पीडीएफ आणि यादी बनवायचं साधन कंपनीच्या साइटवर फुकट आहे. पुतळे बहुतेक धातूचे, हात वेगळे चिकटवावे लागतात, बाहेरून मागवलेत तर कस्टम्स ड्युटी धरून बजेट करा. पाचवी आवृत्ती आली आहे, आम्ही चौथीवरच आहोत कारण सगळ्यांच्या प्रिंटआउट तिच्याच आहेत. नव्याने येणाऱ्याने सरळ पाचवी उतरवावी, पुठ्ठ्याच्या पंचवीस मिलिमीटरच्या चकत्या कापून दीडशे गुणांचे, एकाच ग्रुपचे चार-दोन डाव खेळावेत, आणि वाटीतली नाणी मोजायला कंटाळा येत नसेल तरच पुतळे मागवावेत.