अॅल्युमिनियम बोटीचा ट्रान्सम: लाकडाला इपॉक्सी, तेल-वॉर्निश की लाकूडच नको?

अमेरिका-कॅनडातल्या तळ्यांवर फिरणाऱ्या १४-१६ फुटी अॅल्युमिनियम बोटींचा पत्रा अनेक दशकं टिकतो. आधी कुजतं ते ट्रान्सममधलं, म्हणजे इंजिन टांगतात त्या मागच्या भिंतीतलं लाकूड. इंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली हलवा. ट्रान्सम लवत असेल, किंवा बोल्टच्या भोकातून ओला काळा भुसा निघत असेल, तर फळी बदलावीच लागेल. नवी फळी बहुधा १९ मिमीच्या दोन प्लाय चिकटवून ३८ मिमीची करतात. जुनी फळी मोजून खात्री करा. प्रश्न उरतो तो ती वाचवायची कशी याचा.

इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारी राळ, सगळ्यात पक्कं, पण कामही सगळ्यात जास्त. लाकूड पूर्ण कोरडं हवं. ते किंचित तापवून घ्या आणि थंड होत असताना पहिला हात द्या, म्हणजे छिद्रांतली हवा आकसून राळ आत ओढली जाते. उलट लाकूड तापत असताना लावलंत तर बुडबुडे येतात. एकूण ३ हात द्या, कडांना एखादा जास्तच, कारण प्लाय पाणी पितो तो कडेनं. आधीचा हात चिकट असतानाच पुढचा द्या. वाळून गेला असेल तर पृष्ठभागावरचा मेणचट थर पाण्यानं घासून धुवा आणि पॉलिश पेपर मारा. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून उघड्या भागावर रंग हवाच. आणि एक भोक जरी उघडं राहिलं, तरी आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि फळी आतून सडते.

तेल-वॉर्निशचं मिश्रण स्वस्त. साधारण ५ भाग टर्पेंटाइन, ४ भाग उकळलेलं जवसाचं तेल (रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते) आणि १ भाग स्पार वॉर्निश (ऊन-पाण्यातल्या लाकडासाठीचं लवचीक वॉर्निश). लाकूड पिणं थांबवेपर्यंत हात देत राहायचं, मग नुसत्या वॉर्निशचे २ हात. यात लाकूड भिजलं तरी वाळू शकतं. पण काही वर्षांनी इंजिन उतरवून पुन्हा हात द्यावा लागतो, आणि तेवढी शिस्त नसेल तर हा मार्ग धरू नका. तेलाचे बोळे चुरगळून टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

पॉलिएस्टर राळ स्वस्त दिसते, पण लाकडाला नीट धरत नाही, भेगा पडतात. टाळा.

खरी चूक होते ती जंतुनाशक मुरवलेलं लाकूड वापरण्यात. 'हे कुजतच नाही' म्हणून लोक आणतात. त्यातले तांब्याचे क्षार ओलाव्यात अॅल्युमिनियम खातात आणि पत्र्याला खड्डे पडतात. अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापरासाठीचं सीसीए (क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक मुरवलेलं) लाकूड बंद झालं. त्याच्या जागी आलेल्या बऱ्याच प्रकारांत तांबं आणखी जास्त आहे. साधा मरीन प्लाय घ्या. भारतात मरीन प्लायच्या मानकाचा, आयएस ७१० चा, शिक्का पाहा.

लाकूडच नको असेल तर काचतंतूंनी बळकट केलेल्या पॉलियुरेथेन फोमचे बोर्ड मिळतात, कूसा हे त्यातलं परिचित नाव. कुजत नाहीत, वजनानं हलके, पण प्लायपेक्षा बरेच महाग. एचडीपीई (दाट पॉलिथिन प्लास्टिक) मात्र घेऊ नका. जड असतं, त्याला गोंद धरत नाही आणि सतत दाबाखाली ते हळूहळू दबतं, म्हणून बोल्ट ढिले पडतात.

कोणताही मार्ग निवडा, फळीचं आयुष्य भोकांवर ठरतं. इपॉक्सी केलं असेल तर १२ मिमीच्या बोल्टसाठी १८-२० मिमीचं भोक पाडा, ते घट्ट इपॉक्सीनं भरा आणि वाळल्यावर मधोमध १३ मिमीचं पाडा. तेलाचं केलं असेल तर भोकातही मिश्रण मुरवा. दोन्हींत बोल्ट मरीन सीलंटमध्ये बसवा; स्टेनलेस बोल्ट पत्र्याला लागतो तिथे तर नक्कीच. फळीची खालची कड बोटीच्या तळाला टेकू देऊ नका, तिथे पाणी साचतं. वरच्या कडेवर पत्र्याचं टोपण हवं.

मोठं इंजिन असेल आणि बोट वर्षभर बाहेरच राहत असेल, तर इपॉक्सी करा. अमेरिकेतल्या मिनेसोटासारख्या थंडीत भेगेत शिरलेलं पाणी गोठून फुगतं आणि थर उचलतं, म्हणून तिथे भोकं भरण्यात कुचराई नको. छोटं, क्लॅम्पचं (बोल्टऐवजी स्क्रूच्या पकडीनं ट्रान्समला अडकवायचं) इंजिन असेल आणि हिवाळ्यात बोट शेडमध्ये राहत असेल, तर तेल-वॉर्निश पुरेसं आहे. क्लॅम्पच्या खाली मात्र अॅल्युमिनियमची पट्टी ठेवा, नाहीतर स्क्रू लाकडात रुततात आणि तिथूनच पाणी शिरतं.